दादासोबत मिसिसिपीतल्या फॉरेस्ट गावात

ऑटिझमच्या (स्वमग्नतेच्या) निदानाचा इतिहास सांगताना ज्याचं नाव सगळ्यात आधी येतं, तो डॉनल्ड ट्रिपलेट १९३३ साली मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या लहानशा गावात जन्मला आणि जून २०२३ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी वारला. शिक्षणाची वर्षं सोडली तर जवळजवळ सगळं आयुष्य तो त्याच गावात राहिला. तिथल्याच बँकेत त्याने ६५ वर्षं काम केलं. आम्ही राहतो अटलांटाजवळ, तिथून फॉरेस्ट गाडीने दिवसभराच्या अंतरावर आहे. यंदा उन्हाळ्यात आई-बाबा दादाला घेऊन पुण्याहून आले, तेव्हा मी म्हटलं, आपण ते गाव बघून येऊ.

दादा ४४ वर्षांचा आहे. लहानपणी त्याच्या कागदावर डॉक्टरांनी ‘मतिमंद’ लिहिलं होतं, ऑटिझम हा शब्द आमच्या घरात आला तो दादा अकरा वर्षांचा झाल्यावर. तो मोजकं बोलतो, ऐकलेली वाक्यं त्याच चालीत परत म्हणतो. सदाशिव पेठेतल्या आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर एक बाइंडिंगचं दुकान आहे. तिथे तो सकाळचे चार तास छापील फर्म्यांच्या, म्हणजे पुस्तकाची पानं छापलेल्या मोठ्या कागदांच्या घड्या घालतो. त्याची घडी इतकी सरळ असते की मालक महत्त्वाचं काम त्याच्यासाठी राखून ठेवतात. बाबा आता पंचाहत्तरीत आहेत. पेठेतलं घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, म्हणून ते विकून वाकडकडच्या मोठ्या सोसायटीत जायचं त्यांच्या मनात होतं. गाडीत बसलो तेव्हा हाच विषय चालू होता.

पहिला दिवस: अटलांटा ते मेरिडियन

अंतर ४८० किलोमीटरच्या आसपास, सगळा प्रवास एकाच हायवेवरून. माझ्या लेकीने मामासाठी आदल्या रात्री चित्रांचं वेळापत्रक केलं होतं: गाडी, पुतळा, जेवण, गाडी, हॉटेल, अंघोळ, झोप. एक गोष्ट झाली की मामा ते चित्र काढून मागच्या खिशात टाकतो. ‘आता पुढे काय’ हे त्याला दिसत असलं की त्याच्या मनावरचा अर्धा ताण उतरतो.

जॉर्जिया संपून अलाबामा लागतं तिथे घड्याळ एक तास मागे जातं. लेकीने त्याचंही चित्र केलं होतं, पण दादाने मनगटावर हात ठेवला आणि मान हलवली. घड्याळ मागे जात नाही, असं त्याचं म्हणणं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. मी समजावायला लागले तेव्हा बाबा म्हणाले, “राहू दे गं. त्याचं घड्याळ बरोबर आहे. आपण सगळे त्याच्या घड्याळाने चालू.” मग सगळी सहल आम्ही अटलांटाच्या वेळेवर केली. दादाला एकला जेवायचं असतं, म्हणजे तिथल्या बारा वाजता. त्यामुळे कुठल्याही हॉटेलात आम्ही गर्दीच्या आधी पोचायचो, हव्या त्या कोपऱ्यातलं टेबल मिळायचं. तुमच्या घरी असं कुणी असेल तर वेळेची सीमा ओलांडताना हे करून बघा.

अलाबामातल्या बर्मिंगहॅमला व्हल्कन या रोमन अग्निदेवाचा पुतळा पाहिला. ओतीव लोखंडाचा, ५६ फूट उंच, १९०४ च्या सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनासाठी घडवलेला. वर जायला दादा तयार नव्हता. लेक आणि मी वर जाऊन आलो, तेवढा वेळ तो खाली सावलीत बाबांजवळ बसून चित्रं लावत होता. आईने घरून आणलेल्या दशम्या आणि लसणाची चटणी तिथेच बाकावर खाल्ली.

हायवेवरच्या विश्रांतिस्थळांबद्दल एक सांगते. प्रौढ मुलाला किंवा भावाला स्वच्छतागृहात सोबत लागत असेल आणि सोबत बाई असेल, तर पुरुषांच्या आणि बायकांच्या दोन्ही दारांसमोर अडचण होते. ‘फॅमिली रेस्टरूम’ अशी वेगळी खोली बऱ्याच ठिकाणी असते. राज्याच्या सीमेवर स्वागतकेंद्रं असतात, तिथे ती मिळण्याची शक्यता जास्त. नकाशात आधी शोधून ठेवावं.

मिसिसिपीतल्या मेरिडियन शहरात मुक्काम केला. हॉटेलची खोली मागताना तीन गोष्टी सांगायच्या: तळमजला, लिफ्ट आणि बर्फाच्या मशीनपासून लांब, आणि शेजारच्या खोलीत उघडणारं मधलं दार नको. दादाची स्वतःची चादर आणि उशीचा अभ्रा आम्ही नेतोच. छोटा राइस कुकर होता, रात्री वरणभात झाला.

रात्री मालगाड्या सुरू झाल्या. अमेरिकेत फाटकाजवळ येणाऱ्या गाडीला ठरावीक पद्धतीने हॉर्न वाजवावा लागतो: दोन लांब, एक आखूड, एक लांब. पहिल्या गाडीला दादा दचकून उठून बसला, कानांवर हात. दुसऱ्या गाडीला त्याने हात थोडे सैल केले. त्यानंतरच्या गाडीला अंधारातून त्याचा आवाज आला, हॉर्नच्या अगदी बरोबरीने. हॉर्न दर वेळी तसाच वाजतो हे कळल्यावर तो शांत झोपला.

दुसरा दिवस: फॉरेस्ट

मेरिडियनहून ८० किलोमीटर. दोन्ही बाजूंना पाइनची झाडं, मधूनमधून कोंबड्यांचे पिंजरे रचलेले ट्रक. हा सगळा भाग कोंबडीच्या मांसाच्या कारखान्यांवर चालतो. सकाळी नऊलाच हवा इतकी दमट की आईला रत्नागिरीचं माहेर आठवलं.

गाव साडेपाच हजारांच्या आसपास वस्तीचं. स्कॉट काउंटीचं मुख्य ठिकाण असल्याने कोर्टाची इमारत, गावातून जाणारा रेल्वेमार्ग, बँक, चर्चेस. पर्यटकांसाठी म्हणून काही नाही. ट्रिपलेटांचं घर शोधायला आम्ही गेलो नाही. ते कुणाचं तरी राहतं घर असणार, आणि आपल्या दारासमोर कुणी दादाचा फोटो काढत उभं राहिलं तर आपल्याला चालेल का, हा विचार मनात होता. बँक ऑफ फॉरेस्टसमोर मात्र बराच वेळ थांबलो.

डॉनल्डची आई मेरी हिचं घराणं या बँकेशी संबंधित होतं, वडील बीमन वकील. मुलगा हाकेला ओ देत नाही, माणसांपेक्षा फिरणाऱ्या वस्तूंत रमतो, ऐकलेले शब्द जसेच्या तसे म्हणतो, हे पाहून त्यांनी १९३८ साली बाल्टिमोरच्या बालमानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर लिओ कॅनरना गाठलं. त्याआधी वडिलांनी मुलाविषयी ३३ पानी पत्र टाइप करवून पाठवलं होतं. कॅनरनी १९४३ साली अकरा मुलांवर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यातला पहिला मुलगा ‘डॉनल्ड टी.’ हाच. त्या निबंधातली किती तरी निरीक्षणं वडिलांच्या पत्रातून आलेली आहेत. आमच्या बाबांकडेही दादाच्या लहानपणीच्या वह्या आहेत. काय खाल्लं, कशाला घाबरला, कुठला शब्द पहिल्यांदा म्हणाला. बँकेसमोरच्या कट्ट्यावर बसून मी ते पत्राचं सांगितलं तेव्हा बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “माझ्या भरतील शंभर पानं.”

तेवढ्यात मालगाडी आली. दादाने कानांवर हेडफोन चढवले आणि फाटकापासून अंतर राखून उभा राहिला. डब्यांवरची अक्षरं तो मोठ्याने वाचत होता, एकही सोडत नव्हता. शेजारी थांबलेल्या ट्रकमधल्या माणसाने खिडकीची काच खाली केली, ऐकलं, आणि शेवटचा डबा गेल्यावर हात उंचावून निघून गेला.

जेवायला जिथे शिरलो ती जागा दोन खोल्यांची, चालवणाऱ्या बाई ग्वाटेमालाच्या. कोंबडीच्या कारखान्यांत कामाला आलेली मध्य अमेरिकेतली पुष्कळ कुटुंबं या भागात स्थायिक झाली आहेत. मिसिसिपीत तळलेला मासा आणि साखरेचा गार चहा मिळेल एवढीच माझी तयारी होती, इथे मक्याच्या गरम टॉर्टिया आणि काळ्या घेवड्याची दाटसर उसळ आली. नवीन ठिकाणी दादा सहसा फक्त भात खातो. त्याने टॉर्टिया हातात घेतली, दोन्ही बाजू बघितल्या, ‘भाकरी’ म्हणाला आणि चार खाल्ल्या. आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग वादळ आलं. आधी आमच्या आणि दुकानातल्या सगळ्यांच्या फोनवर एकाच वेळी पुराच्या इशाऱ्याचा तो कर्कश आवाज, पाठोपाठ ढगांचा गडगडाट. दादाला या दोन्हींची भीती, आणि दोन्ही एकत्र म्हणजे फारच. तो उठला, कान दाबून टेबलांमधून गोल गोल चालू लागला, ‘गाडी कधी सुटणार, गाडी कधी सुटणार’ हे एकच वाक्य मोठ्याने म्हणत. हे वाक्य तो लहानपणी स्वारगेटच्या स्टँडवर शिकला आणि घाबरला की अजून तेच म्हणतो. अशा वेळी त्याला धरायचं नसतं, चालू द्यायचं असतं. जागा मात्र लागते. आम्ही काही सांगायच्या आत मालकीणबाईंनी टीव्ही बंद केला. कोपऱ्यात जेवत असलेले एक म्हातारे गृहस्थ उठले, त्यांनी आपली खुर्ची आत सरकवली, शेजारच्या रिकाम्या टेबलाच्याही सरकवल्या. दादाला वाट झाली. कुणी वळून पाहत राहिलं नाही. वीसेक मिनिटं तो चालला, मग बसला आणि पाणी मागितलं.

(इशाऱ्याचे आवाज फोनच्या सेटिंगमध्ये बंद करता येतात. पण या भागात चक्रीवादळं होतात, सगळ्यांचे फोन गप्प करू नयेत. एकाचा चालू ठेवून तो दुसऱ्या कुणाच्या खिशात द्यावा.)

पाऊस थांबेपर्यंत ते गृहस्थ आमच्याशी बोलले. जन्म इथलाच. आम्ही का आलो हे सांगितल्यावर हसले आणि डॉनल्डविषयी ‘डॉन’ म्हणूनच बोलू लागले. डॉनल्ड गावातल्या माणसांना आकडे द्यायचा, म्हणजे अमुक माणसाचा नंबर ५६९, आणि कित्येक वर्षांनी भेट झाली तरी तोच नंबर सांगायचा. बँकेत सहकाऱ्यांना रबरबँड मारायची त्याला हौस होती. दुपारी गोल्फ खेळायचा. गाडी चालवायला शिकला तो सत्ताविसाव्या वर्षी. या गोष्टी मी वाचलेल्या होत्या, पण ते गृहस्थ त्या एखाद्या शेजाऱ्याच्या सांगाव्यात तशा सांगत होते. पुढे दोन अमेरिकन पत्रकार डॉनल्डला शोधत इथे आले, तेव्हा गावातल्या एकाहून अधिक माणसांनी त्यांना बजावलं होतं की त्याला त्रास झाला तर आमच्याशी गाठ आहे. ते बजावणं कुठल्या मातीतून आलं, हे मला त्या खुर्च्या सरकवण्यातून समजलं.

तिसरा दिवस: सॅनेटोरियम आणि जॅक्सन

फॉरेस्टहून दक्षिणेला तासाभरावर मगीजवळ सॅनेटोरियम नावाचीच वस्ती आहे. एके काळी इथे क्षयरोग्यांचं सरकारी रुग्णालय होतं आणि मुलांसाठी ‘प्रिव्हेंटोरियम’, म्हणजे क्षयाची लागण होऊ नये म्हणून मुलांना ठेवायची जागा. डॉनल्डला १९३७ साली, चार वर्षांचाही झालेला नसताना, डॉक्टरांच्या सल्ल्याने इथे ठेवलं. आईवडिलांना महिन्यातून दोनदाच भेटता यायचं. साधारण वर्षभराने त्यांनी त्याला घरी न्यायचं ठरवलं, तेव्हा मुलाला इथेच राहू द्या, असं संस्थेच्या प्रमुखांनी सुचवलं होतं. त्यांनी ऐकलं नाही.

आम्ही रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली आणि नुसतं पाहिलं. आईने तिथे एक गोष्ट सांगितली जी मला माहीत नव्हती. दादा सात वर्षांचा असताना एका नातेवाइकांनी लांबच्या वसतिगृहाचा पत्ता आणून दिला होता, मुलीच्या भवितव्याचा विचार करा म्हणाले होते. मुलगी म्हणजे मी. बाबांनी तो कागद घडी करून कपाटात ठेवला आणि पुन्हा काढला नाही. मला इथे एक नोंदवायचं आहे: निवासी संस्थेत मूल ठेवणारे आईवडील प्रेमात कमी पडतात, असं मी मुळीच मानत नाही. ज्यांच्या घरात करणारं कुणी उरलेलं नाही, त्यांना चांगल्या निवासी संस्था हव्यातच, आणि महाराष्ट्रात त्या गरजेच्या मानाने फार थोड्या आहेत.

शिवाय ट्रिपलेट पैसेवाले होते, गोरे होते, आणि काळ १९३८ चा. फॉरेस्टमधल्याच कृष्णवर्णीय मजुराच्या मुलाला बाल्टिमोरचा डॉक्टर मिळाला नसता. कॅनरच्या त्या अकरा मुलांपैकी काही जणांची आयुष्यं सरकारी संस्थांमध्येच गेली, हे कॅनरनीच १९७१ साली लिहून ठेवलं आहे. पैशाने डॉनल्डला पुष्कळ दिलं, हे मान्य करूनच त्याच्याकडून शिकायला हवं.

पैशाशिवायचीही एक गोष्ट या कहाणीत आहे आणि ती मला सगळ्यात आवडते. १९४२ ते १९४५ डॉनल्ड गावापासून पंधराएक किलोमीटरवर एका शेतकरी नवराबायकोकडे राहिला. त्याला मोजण्याचं वेड होतं, म्हणून त्यांनी त्याला विहीर खणायला लावली आणि खोली मोजून सांगायला सांगितलं. तो मक्याच्या ओळी मोजत बसायचा, म्हणून मोजता मोजता नांगरायला शिकवलं. कॅनर स्वतः तिथे जाऊन आले आणि त्या दोघांच्या शहाणपणाने चकित झाले. बाइंडिंगवाल्या मालकांनीही हेच केलं. दादा घरी वर्तमानपत्रांच्या घड्या घालत बसायचा, ते पाहून त्यांनी फर्मे पुढे ठेवले.

दुपारी जॅक्सनला मिलसॅप्स कॉलेजच्या आवारातून चक्कर मारली. डॉनल्ड इथून १९५८ साली फ्रेंच विषय घेऊन पदवीधर झाला. लेकीला कॉलेज बघायचं होतं, दादाला आवारातल्या पाण्याच्या नळाशी खेळायचं होतं, दोघांचंही झालं. उकाडा असह्य होता. या भागात यायचं तर ऑक्टोबर ते एप्रिल बघा, आम्हाला शाळेच्या सुटीमुळे जूनच मिळाला.

चौथा दिवस: परतीला

मेरिडियनच्या हायलँड पार्कमध्ये १८९६ च्या सुमाराचं डेन्ट्झेल बनावटीचं लाकडी फिरतं चक्र आहे, हाताने कोरलेले घोडे, हरणं, सिंह. दादा सिंहापाशी गेला आणि फेरीमागून फेरी तिथेच बसला. बाकावर बसून आई-बाबा आणि मी बोललो ते इतकी वर्षं टाळलेलं बोलणं.

डॉनल्डचे वडील १९८० मध्ये गेले, आई १९८५ मध्ये. त्यानंतर तो ३८ वर्षं जगला, त्याच घरात. कुटुंबाने ट्रस्ट करून ठेवला होता, त्यातून बिलं भागायची. धाकटा भाऊ ऑलिव्हर लक्ष ठेवून होता, तो २०२० मध्ये गेल्यावर पुतण्या होता. आणि भोवती ते गाव होतं.

आपल्याकडची कागदपत्रांची बाजू इथे लिहून ठेवते, कारण पुष्कळ पालकांना ती उशिरा कळते. मूल १८ वर्षांचं झालं की ऑटिझम असलेल्या मुलाचेही आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावं लागतं. आई-बाबांनी ते घेतलेलं आहे. त्यांच्या नंतर कोण, हे ठरलेलं नव्हतं. पुण्यात राहणाऱ्या आमच्या चुलतभावाला विचारायचं, असं त्या बाकावर ठरलं. तो दादाला लहानपणापासून सायकलवर डबलसीट फिरवायचा. घरी पोचल्यावर त्याला फोन केला, तो म्हणाला, यात विचारायचं काय.

आईने गाडीत बसल्यावर माझ्या लेकीला वही काढायला सांगितली आणि नावं लिहवून घ्यायला लागली. पेपरवाले काका. दादा रस्ता चुकला तर हाक मारणारा इस्त्रीवाला. खिशात सुटे नसले तरी पेढा देणारा डेअरीवाला. बाइंडिंगचे मालक आणि त्यांचा मुलगा. चौकातले वाहतूक हवालदार. गणपतीच्या देवळातल्या फुलवाल्या मावशी. अलाबामा संपत आलं तरी यादी चालूच होती. बाबा समोर बसून ऐकत होते. मग म्हणाले, “वाकडला यातलं कोण आहे?”

घर विकायचं तूर्त थांबलंय. दलालाला बाबांनी इथूनच फोन करून सांगितलं. आईचे गुडघे आणि तीन मजले हा प्रश्न आहेच. पेठेतच त्याच गल्लीत तळमजल्यावर भाड्याने काही मिळतंय का, हे चुलतभाऊ बघतोय. कुणाच्या माहितीत असेल तर जरूर कळवा.